गाडीचा रंग कोणता, त्यावर पॉलिश कोणतं आणि वॅक्स कोणतं?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या टेलरकडे जेवढी गर्दी असते तेवढीच वॉशिंग सेंटरवरही असते. ईदगाहला जायचं, मग दिवसभर नातेवाइकांकडे फिरायचं, तर गाडी चमकायला हवी. त्यात गैर काही नाही. वॉशिंगवाला मुलगा विचारतो, "चाचा, पॉलिशपण मारू का?" आपण मान हलवतो. कोणतं पॉलिश, ते गाडीच्या रंगाला चालतं का, मागच्या वेळी कधी मारलं होतं, हे तो विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांसाठी गाडी ही घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी असते. बहुतेक वेळा ती हप्त्यावर घेतलेली किंवा जुन्या बाजारातून आणलेली असते. कुणाचा तर रोजचा चुलाच टॅक्सीवर नाहीतर टुरिस्ट गाडीवर चालतो. गाडीचा रंग गेला की विकताना किंमत पडते. म्हणून हा विषय शौकाचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे.

पॉलिश काढतं, वॅक्स चढवतं

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची कामं उलटी आहेत. पॉलिशमध्ये अगदी बारीक खरखरीत पूड असते. ती रंगाचा वरचा मळका, ओरखडलेला पापुद्रा घासून काढते आणि खालचा गुळगुळीत भाग वर आणते. सुतार लाकडाला सँडपेपर मारतो, तसंच हे, फक्त कितीतरी बारीक. गॅरेजमध्ये ज्याला 'रबिंग' म्हणतात ते कंपाउंड म्हणजे याचंच जाड रूप. वॅक्स मात्र काही काढत नाही. ते रंगावर पातळ थर चढवतं. पाणी, धूळ, पक्ष्याची विष्ठा आधी त्या थरावर पडते आणि रंगाला थोडा वेळ मिळतो.

बाजारात 'क्लीनर वॅक्स' नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात दोन्ही मिसळलेलं असतं, थोडी पूड आणि थोडं वॅक्स. डब्यावर मोठ्या अक्षरात वॅक्स लिहिलेलं असतं, म्हणून लोक ते दर महिन्याला लावतात आणि दर महिन्याला रंग थोडा थोडा घासत राहतात. तेव्हा कंपनीच्या नावाआधी डब्यावर 'क्लीनर' किंवा 'क्लीनिंग' हा शब्द आहे का, ते वाचा.

आपण घासतो ते नेमकं काय?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअरकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन असते. 1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर. म्हणजे हा थर डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं काम मुख्यतः हाच थर करतो.

हलक्या पॉलिशने यातला साधारण 1-2 मायक्रॉन जातो, जोराच्या रबिंगने त्याहून जास्त. एकदा गेलेला थर परत येत नाही. आता ईदचा हिशोब करा. रमजान ईद आणि बकरी ईद यांच्यात साधारण 70 दिवसांचं अंतर असतं. दोन्ही ईदला पॉलिश मारायची सवय असेल, तर सव्वादोन महिन्यांत दोनदा क्लिअरकोट घासला जातो. पाच-सहा वर्षांनी बॉनेट आणि टपावर पांढरट चट्टे दिसायला लागतात, पापुद्रे सुटतात. मग मालक म्हणतो की कंपनीचा रंगच खराब होता. तोपर्यंत उन्हाला अडवणारा थर पार झिजलेला असतो.

पॉलिश वर्षातून फार तर एकदा, तेही गरज असेल तरच. ईदसाठी नीट धुणं आणि साधं वॅक्स पुरेसं आहे. चमक तेवढीच दिसते.

तुमच्या गाडीवर क्लिअरकोट आहे का?

रंगाचा प्रश्न इथून सुरू होतो. जुन्या गाड्यांवर आणि काही साध्या पांढऱ्या-लाल गाड्यांवर क्लिअरकोट नसतो, नुसता रंगच असतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. त्यातली शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्या गाड्या पुसल्या की फडक्याला रंग लागायचा. कारण वर पारदर्शक थर नव्हता, ऊन थेट रंगावर पडायचं आणि रंगाची भुकटी व्हायची.

तपासणं सोपं आहे. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे बोटभर पॉलिश लावून पांढऱ्या कपड्याने घासा. कपड्यावर गाडीचा रंग आला तर क्लिअरकोट नाही. गाडी पांढरी असेल तर काळा कपडा घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. (वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, पण घरी जाऊन अब्बांच्या गाडीवर करून बघतातच.)

क्लिअरकोट असेल तर एक गोष्ट पक्की समजा. वॅक्सला खालचा रंग माहीतच नसतो. ते पारदर्शक थराला चिकटतं, मग खाली काळा असो की पांढरा. "काळ्या गाडीचं वेगळं, पांढऱ्या गाडीचं वेगळं" हे दुकानदाराचं म्हणणं म्हणूनच अर्धं खरं आहे. रंगानुसार बदलतं ते एवढंच, की कोणता दोष डोळ्यांना दिसतो आणि कोणता लपतो. त्यावरून निवड करायची.

काळा, गडद निळा, मरून

फळ्यावर खडूची बारीकशी रेघ मागच्या बाकावरूनही दिसते. तीच रेघ चुन्याच्या भिंतीवर मारली तर जवळ जाऊनही सापडत नाही. काळ्या गाडीचं दुखणं हेच आहे. काळा रंग उजेड गिळून टाकतो, त्यामुळे ओरखड्याच्या कडेवरून परतणारा थोडासा उजेडही उठून दिसतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात, त्या याच. पांढऱ्या गाडीवरही त्या असतात, पण दिसत नाहीत.

या रेषा बहुतेक वेळा पॉलिश न मारल्याने येत नाहीत. त्या येतात सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकल्याने. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती फडक्याखाली अडकते आणि रोज थोडं थोडं रबिंग करते. त्यामुळे काळ्या गाडीला महागड्या डब्याआधी स्वच्छ मायक्रोफायबर कापड आणि दोन बादल्या घ्या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. स्पंज आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा.

गडद रंगासाठी कारनौबा वॅक्स चांगलं. ब्राझीलच्या ईशान्य भागात ताडासारखं एक झाड होतं, त्याच्या पानांवर हे मेण जमतं. चॉकलेट-गोळ्यांवर चमक येण्यासाठी जे मेण लावतात तेच हे. याने काळा रंग खोल, ओलसर दिसतो. पण ते टिकत नाही. शुद्ध कारनौबा साधारण 82 अंशांच्या पुढे वितळतं, डब्यातलं मिश्रण मात्र त्याआधीच नरम पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीवर हात ठेववत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात महिना-दीड महिना टिकलं तरी खूप झालं.

काळ्या गाडीसाठी रंगीत वॅक्सही मिळतं. त्यातला काळा रंग बारीक रेषांमध्ये बसतो आणि त्या झाकतो. दोन-चार वेळा धुतलं की रेषा परत हजर. लग्नाच्या एका दिवसापुरतं ठीक आहे, इलाज म्हणून नाही. काळ्या गाडीवर क्लीनर वॅक्स किंवा जाड कंपाउंड हाताने कधीच मारू नका. पूड जाड असेल तर तिचेच ओरखडे राहतात.

पांढरा

आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्याच जास्त. टुरिस्ट परमिटवर चालणाऱ्या तर बहुतेक पांढऱ्याच. इथे ओरखडे लपतात, पण डाग लपत नाहीत. डांबराचे काळे ठिपके, नंबरप्लेटखाली ओघळ, आणि सगळ्यात फसवे म्हणजे तपकिरी बारीक ठिपके. ते पाहून लोक घाबरतात की पत्रा आतून गंजला. बहुतेक वेळा तसं नसतं. ब्रेकमधून आणि रेल्वेच्या रुळांवरून उडणारे लोखंडाचे कण क्लिअरकोटवर रुतून बसतात आणि तिथेच गंजतात. स्टेशनजवळ, रुळालगत गाडी लावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

हे ठिपके रबिंगने घासून काढणं म्हणजे काटा काढायला कातडी सोलणं. 'आयर्न रिमूव्हर' नावाचा स्प्रे मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो आणि कण सुटतो. सावलीत मारायचा, सुकू द्यायचा नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. डांबरासाठी टार रिमूव्हर. काही ड्रायव्हर मंडळी रॉकेल किंवा डिझेलचं फडकं फिरवतात. डांबर निघतं हे खरं, पण मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि आधीचं वॅक्सही जातं. एखाद्या ठिपक्यापुरतं वापरलंच तर लगेच शाम्पूने धुवा. सगळ्या गाडीवरून फिरवू नका.

स्वच्छ झाल्यावर पांढऱ्या गाडीला कारनौबापेक्षा सिंथेटिक सीलंट जास्त उपयोगी. हे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर असतं. त्याची चमक काचेसारखी, आणि ते साधारण चार-सहा महिने टिकतं. पांढऱ्या रंगाला खोली येत नाही, त्याला स्वच्छपणाच शोभतो. तो जास्त दिवस टिकवणारी वस्तू घ्यावी, एवढंच. मे अखेरीला एक हात मारला की पावसाळा निघतो. कोकणात, मुंबईत खारी हवा असते, तिथे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये दुसरा हात मारावा.

क्लिअरकोट नसलेली जुनी पांढरी गाडी पिवळट पडली असेल तर तिथे मात्र हलकं पॉलिश खरंच काम करतं. वरचा मेलेला रंग निघतो. त्याच दिवशी वॅक्स लावायलाच हवं, नाहीतर महिनाभरात पुन्हा तेच.

चंदेरी, राखाडी आणि लाल

चंदेरी आणि राखाडी या रंगांचे मालक नशीबवान. धूळ दिसत नाही, रेषाही दिसत नाहीत. आत ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे असतात, त्यावरून चमक येते. ते क्लिअरकोटच्या खाली असल्याने वरून कितीही घासलं तरी ते जास्त चमकत नाहीत. सीलंट लावा आणि विसरा.

लालची गोष्ट वेगळी. क्लिअरकोट नसलेली जुनी लाल गाडी उन्हात गुलाबी पडते. तिला बारीक पॉलिश आणि मग कारनौबा, याने रंग बऱ्यापैकी परत येतो. फडकं लाल होईल, घाबरू नका. नव्या लाल गाडीवर क्लिअरकोट असेल आणि तरी रंग पांढरट दिसत असेल, तर तो थर संपत आलाय. तिथे कोणतंही वॅक्स चालत नाही, पेंटरच लागतो. एवढं कळलं तरी तीन-चार डब्यांचे पैसे वाचतात.

मोतिया पांढऱ्या रंगात तीन थर असतात आणि नंतर त्याचा जोड जुळवणं पेंटरलाही जड जातं, म्हणून त्यावर मशीन फिरवायला देताना दहा वेळा विचार करा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिशही नको आणि नेहमीचं वॅक्सही नको. घासलेली जागा चकचकीत होते आणि तो डाग जन्मभर राहतो.

नवरदेवाची गाडी

निकाहला गाडी सजवतात. सेलोटेप, फुलं चिकटवायचा गोंद, फेसाचा स्प्रे, आणि वलीम्यापर्यंत गाडी तशीच उन्हात उभी. टेपचा गोंद उन्हात भाजून रंगात बसतो, स्प्रेच्या फेसाने डाग पडतात, ओल्या फुलांचा रंग पांढऱ्या बॉनेटवर उतरतो. गाडी भाड्याची किंवा मामूंची असली तर मग नंतरची बोलणीही खावी लागतात. सजवण्याच्या आदल्या दिवशी वॅक्सचा एक हात मारा, फुलं टेपऐवजी रिबीनने बांधा, स्प्रे मुलांच्या हातातून काढून घ्या. त्याच रात्री गाडी धुवून टाका. गोंद राहिलाच तर कोमट साबणाच्या पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवा, नखाने खरवडू नका.

पक्ष्याच्या विष्ठेचंही असंच. जुम्म्याला मशिदीबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावली की परत येईपर्यंत प्रसाद मिळालेला असतो. तापलेल्या पत्र्यावर ती क्लिअरकोट खाते, म्हणून संध्याकाळची वाट बघू नका. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवायचा आणि उचलायचा. घासायचं नाही.

बोअरचं पाणी

मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. गाडी उन्हात धुतली की थेंब तिथेच सुकतात आणि पांढरी कडी उरतात. काळ्या गाडीवर तर ती लांबूनही दिसतात. यातला मोठा भाग कॅल्शियमचे क्षार असतो, म्हणजे घरातल्या किटलीत बसतो तोच. शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकवताना आपण खडूवर व्हिनेगर टाकून बुडबुडे दाखवतो, तीच क्रिया इथे कामाला येते. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून कापडाने डागावर मिनिटभर ठेवा, मग धुवा. सावलीत, थंड पत्र्यावर. त्याने आधीचं वॅक्सही कमी होतं, म्हणून नंतर पुन्हा लावा.

भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर गाडीला वापरू नका, ती वॅक्स धुवून नेते. आणि पाइप सोडून गाडी धुणं आता थांबवायला हवं. वुजू करतानासुद्धा पाणी जपून वापरायची आपल्याला ताकीद आहे. शेजारच्या गल्लीत टँकरची रांग असताना आपण पाइपने चाकं धुवावीत, हे शोभत नाही. दोन बादल्यांत, म्हणजे 30-40 लिटरमध्ये, गाडी व्यवस्थित निघते.

जुनी गाडी घेताना चमक पाहून भुलू नका

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. जुन्या गाडीच्या बाजारात विकण्याआधी गाडीवर ग्लेझ किंवा भरणारं पॉलिश मारतात. ते ओरखड्यांमध्ये बसतं आणि गाडी कोरी करकरीत दिसते. तीन-चार आठवड्यांनी सगळं वर येतं. गाडी बघायला संध्याकाळी दिव्याखाली जाऊ नका, सकाळच्या उन्हात जा. पत्र्याला नजर तिरकी लावा, मोबाईलचा टॉर्च जवळून फिरवा. दाराच्या रबराच्या कडा, दिव्यांच्या फटी आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी पूड वाळलेली दिसली तर समजा की नुकतंच जोरात पॉलिश झालंय. मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक दारांवर लावून पाहा. एखाद्या जागी पकड सैल वाटली तर खाली लांबी भरलेली असू शकते. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक लागणारच नाही.

विकणारे आपणच असलो तर? गाडी धुवून, वॅक्स लावून विकणं हे माल नीट मांडणं झालं. पण अपघातात बसलेलं दार लांबी भरून, रंगवून, ग्लेझने झाकून "एकदम ओरिजिनल" म्हणणं वेगळं. धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं रसूलुल्लाह (स.) यांनी त्या विक्रेत्याला विचारल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. लांबी भरलेलं दार दाखवून, त्याचे दोन पैसे कमी घेऊन व्यवहार करता येतो.

वॅक्स लावताना

सकाळी लवकर किंवा असरनंतर, सावलीत. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. धुतलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवर एका वेळी एकच भाग घ्या, बॉनेट झालं की मग दार. थर जेवढा पातळ तेवढा चांगला, जाड लावून चमक वाढत नाही, फक्त पुसताना घाम निघतो. धुरकट दिसायला लागलं की बोटाने एक रेघ ओढा. रेघ स्वच्छ उमटली तर दुसऱ्या, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावायचं नाही. काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. कडेने आधी टेप लावली तर बरं, काम झाल्यावर लगेच काढा.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सारखं विचारतात. ते वॅक्सपेक्षा नक्कीच जास्त टिकतं, पण हजारो रुपये मागतं, आणि खालचे ओरखडे आधी काढले नाहीत तर ते तसेच त्याच्याखाली राहतात. नवी गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल आणि उघड्यावर उभी राहणार असेल तर विचार करा. आठ वर्षं जुन्या गाडीवर तेवढा खर्च करण्यापेक्षा टायर बदला.

अपघातानंतर एखादा भाग गॅरेजमध्ये नव्याने रंगवला असेल तर तिथे लगेच वॅक्स लावू नका. कारखान्यात रंग साधारण 140 अंशांच्या भट्टीत पक्का होतो, गॅरेजच्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपास, आणि छोट्या गॅरेजमध्ये तर नुसत्या हवेवर. आतलं थिनर पुढचे कित्येक आठवडे बाहेर पडत असतं. त्याला वाट मोकळी ठेवा. पेंटरला किती दिवस थांबायचं ते विचारा, आणि त्याने काही सांगितलं नाही तर दोन महिने साध्या पाण्यानेच धुवा.